पहिली कढई

कारधा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. रंजूस इतवारीदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. हाती फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर त्याला कारण तूच आहेस. मी फोनवर नव्या घराचं नाव काढलं की तिकडे तुझ्या दारावर कोणीतरी येतं. दिवाळीपासून बघतोय. एवढी माणसं तर आमच्या तहसीलदाराच्या दारावर येत नाहीत! म्हणून म्हटलं, आता लेखी विचारू. मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून माझा आयुष्यभराचा अनुभव असा की तोंडी विचारलं तर माणूस निसटतो, लेखी विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

घर पुरं झालं. स्लॅबवर पाणी मारून मारून आमच्या पोराची, भूपेशची पाठ गेली, पण स्लॅब असा पक्का झाला आहे की वर हत्ती नाचवावा. बाहेरून पोपटी रंग. तो तुझ्या वहिनीने, बायाबाईने निवडला, माझ्याकडे बोट दाखवू नकोस. वर जायला जिना केला आहे. गेल्या पुरात आम्ही कवेलूंच्या छपरावर चढलो होतो आणि बायाबाईच्या वजनाने (हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस) निम्मे कवेलू फुटून आम्ही परत घरातल्या पाण्यात आलो होतो, ते तुला माहीतच आहे. आता वैनगंगेला म्हणावं, ये! आम्ही वर खाट टाकून बसतो.

पण अजून आम्ही आत राहायला गेलेलो नाही. आपल्या घराण्याची रीत तू विसरली नसशील. नव्या घरात पहिली कढई घरच्या लेकीने चढवायची, नदीची मासोळी रांधायची, ती सगळ्यांनी आत बसून खायची, मगच ते घर आपलं. जुन्या घरात आत्याने चढवली होती. मला मुलगी नाही, म्हणजे घरची लेक तू एकटीच. तू येईपर्यंत तुझी वहिनी मागच्या छपरीत रांधते आणि धूर डोळ्यांत गेला की माझ्याकडे बघते. ती म्हणते, "रंजूले लिहा, मी इथं धुरानं आंधळी होऊन राहिली अन् ते तिकडं फाफडा खाऊन राहिली."

तरी महिनाअखेर निघावे. जावईबापूंना रामराम.

तुझा दादा,
इतवारी


भुज
२३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास रंजूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तू 'सचिव' म्हणून सही का केलीस? पोस्टमन मला विचारत होता की तुमचं कुठे मंडळाचं काम चालतं का.

घर झालं हे ऐकून फार बरं वाटलं. पोपटी रंगाचंही ऐकलं. चालायचंच. वहिनीला म्हणावं, नदीपलीकडून भंडाऱ्याची माणसं आता तुझ्या घरावरून वाट विचारतील.

येण्याचं म्हणशील तर यांना रजा नाही. फौजेतून सुटून बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, तेव्हा वाटलं होतं आता तरी सुट्ट्या मिळतील. कसलं काय! शिवाय माझा गुडघा दुखतो. शिवाय इकडे लग्नसराई आहे.

आणि खरं सांगायचं तर, दादा, मी मासे सोडले. इकडे इतकी वर्षं काढली, शेजार सगळा शाकाहारी, सोबत राहून राहून मन उडालं. आता मासे न खाणाऱ्या बाईच्या हातची पहिली मासोळी काय कामाची? तेव्हा रीत वहिनीनेच करावी. ती पण कोणाची तरी लेक आहेच. माझी काही हरकत नाही, असं लेखी कळवते.

तुझी,
रंजू


कारधा
६ डिसेंबर २०२५

चि. रंजूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी डोंगा काठाला लावला आणि तसाच बसून राहिलो. मासे सोडले! अगं, तू रांगत असताना आईच्या जाळ्यातून जिवंत झिंगा काढून तोंडात घातला होतास. तो बाहेर काढायला मला बोट घालावं लागलं आणि तू त्या बोटाला चावलीस. व्रण अजून आहे, येशील तेव्हा दाखवतो.

विषय मी संस्थेच्या बैठकीत ठेवला. ठेवायचा नव्हता, पण तोंडातून निघून गेलं. देवाजी म्हणाला, "भोई-धीवराची पोरगी मासोळी सोडते? हे तर नदीनं पानी सोडल्यावानी झालं." यावर बराच वेळ चर्चा झाली आणि तळ्याच्या लिलावाचं राहूनच गेलं.

तुझ्या म्हणण्याची खातरी करून घ्यावी म्हणून सोबत वाळलेले झिंगे पाठवतो आहे. वहिनीने स्वतः निवडून, भाजून, तीन पिशव्यांत बांधले आहेत. तुझं मन खरंच उडालं असेल तर ते जसेच्या तसे परत पाठव.

आता गंमत बाजूला. रंजू, रजा, गुडघा, लग्नसराई, मासे, इतकी कारणं एकाच पत्रात माणूस देतो तेव्हा खरं कारण वेगळं असतं. मी जुनं घर पाडलं म्हणून तुला राग आला का? तुला विचारायला हवं होतं. तू दर उन्हाळ्यात येऊन त्याच चुलीपुढे बसायचीस, आम्हाला कोणालाही तिथे येऊ द्यायची नाहीस, हे मला दिसत होतं. पण भिंती पुराने पोखरल्या होत्या, राहण्यासारखं उरलं नव्हतं. की तिकडच्या तुझ्या फरशीच्या घरापुढे आमचं घर लहान वाटतं? तसं असेल तर तसं लिही. वाईट वाटेल, पण निदान कळेल. गावात लोक विचारतात, बहीण काहून येत नाही. मी काय सांगू?

दादा


भुज
२० डिसेंबर २०२५

ती. दादास नमस्कार.

तुझं पार्सल आलं. म्हणजे ते येण्याआधी त्याचा वास आला. पोस्टमनने ते हात लांब करून धरलं होतं आणि माझ्या हाती देऊन सही न घेताच निघून गेला. शेजारणीने खिडक्या लावल्या. झिंगे मी मांजरीला घातले. परत पाठवता येणार नाहीत, मांजरीने ठेवले नाहीत.

जुन्या घराचा राग नाही. पाडलंस ते बरंच केलंस. वाईट वाटलं, पण राग नाही. आणि तुझं घर लहान वाटतं, हे तू कसं लिहिलंस? हात कसा धजला तुझा? तुझ्या पोपटी घराएवढं मोठं घर मला या अख्ख्या भुजमध्ये नाही. पुन्हा असलं लिहिशील तर मी खरंच बोलणं सोडीन.

पण मला आग्रह करू नकोस. राखीला येईन, दोन दिवस राहीन, तुझ्या अंगणात बसून तुझं डोकं खाईन. कढईचं तेवढं मला सांगू नकोस.

तुझी,
रंजू

(याच पाकिटात, वहीच्या कागदावर)

आदरणीय दादा, जय हिंद.

रंजूने पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून या चार ओळी आत सरकवतो. तिला सांगू नका.

एक. आमच्याकडे मांजर नाही. झिंगे तिनेच खाल्ले. मला चमचाभर मिळाले.

दुसरं. तिने ते कुठे शिजवले, ते तुम्हाला कळायला पाहिजे. आमच्या घरात स्वयंपाकघर आहे, ओटा आहे, सगळं आहे. त्यात आम्ही गहू ठेवतो. चूल तिची अंगणात, पत्र्याखाली. भूकंप झाला तेव्हापासून ती स्लॅबखाली एकदाही रांधायला उभी राहिली नाही. कच्छचा उन्हाळा तुम्ही बघितला नाही. वाऱ्याने परातीत वाळू येते, पण ती आत जात नाही. झोपायला येते, देवाला दिवा लावते, पण आत विस्तव पेटवत नाही. शेजारच्या बायांना वाटतं, मराठी लोकांत बाहेरच रांधायची पद्धत असेल. तीही हो म्हणते.

तुमच्या जुन्या घरात ती चुलीपुढून का उठत नव्हती, ते आता समजून घ्या. वर कवेलू होते.

भूकंपाच्या दिवशीचं मी जास्त लिहीत नाही. ते तिचं तिने सांगावं.

आपला,
धनराज


कारधा
५ जानेवारी २०२६

चि. रंजूस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंनी तुझ्या पाकिटात चिठ्ठी टाकली होती. सांगू नका म्हणाले होते, पण मला पोटात ठेवता येत नाही. त्यांना रागावू नकोस. बंदूकवाल्या माणसाला रागावू नये.

मी ती चिठ्ठी बायाबाईला वाचून दाखवली. तिने चिरत असलेली मासोळी तशीच खाली ठेवली. तुला माहीत आहे, असं सहसा होत नाही. मग म्हणाली, "तिले त्या पोरवयात काय झालं असन तिकडं, आपण कधी बसून इचारलंच नाही." खरंच विचारलं नाही. चार दिवसांनी तुझा फौजेच्या फोनवरून फोन आला होता. तू म्हणालीस, "थोडं खरचटलं, बाकी बरी आहे." आम्ही तेवढंच धरलं. आई सगळ्या गावाला सांगत सुटली, माझ्या पोरीला फक्त खरचटलं.

मी स्लॅबचं एवढं कौतुक लिहिलं, हत्ती नाचवला. आमच्या नदीकाठच्या माणसाची अक्कल तेवढीच. आमच्यावर संकट नेहमी खालून येतं, म्हणून वर पक्कं केलं की आम्ही सुटलो. तुझ्यावर ते वरून आलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला फार वाईट वाटतं आहे, रंजू.

कढई अंगणात मांडू. रीत आपलीच आहे, आपणच थोडी बाहेर ओढू. देवाजी काही बोलला तर त्याचं नाव मी इतिवृत्तात चुकीचं लिहीन.

पण वाटलं तर एकदा सांग. नको वाटलं तर नको.

दादा


भुज
२८ जानेवारी २०२६

ती. दादास नमस्कार.

यांना मी रागावले नाही. फक्त दोन दिवस चहात साखर घातली नाही. समजलं त्यांना.

परवा इथे भूकंपाला पंचवीस वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या बायका दरवर्षी सव्वीस जानेवारीला भुजियो डुंगरावरच्या स्मृतिवनात जातात. माणसांच्या आठवणीची झाडं आहेत तिथे. मी दरवर्षी गुडघा दुखतो सांगते. तुला वाटलं असेल हे कारण मी तुझ्यासाठी शोधलं, पण ते जुनंच आहे. या वर्षी गेले. झाडं आता इतकी मोठी झाली आहेत की सावलीत बसून डबा खाता येतो.

तर सांगते.

आम्ही तेव्हा गावातल्या जुन्या भागात भाड्याने राहायचो. घरमालकीण हीरबाई. तिला सगळे बा, म्हणजे आई, म्हणायचे. मला ती तुझ्या वहिनीसारखी रागवायची आणि लगेच खायला द्यायची. हे सकाळीच परेडला गेले होते. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. बा पलीकडच्या देवघरात होती. आवाज आला आणि मला वाटलं रणगाडे चालले असतील, परेड आहे ना. मग सगळं खाली आलं. स्लॅबचं एक टोक ओट्यावर अडकलं आणि मी त्याच्या खालच्या जागेत उरले. डोक्यावर इतकं जवळ की मान उचलता येईना. करपलेल्या दुधाचा वास येत होता आणि स्टोव्ह पेटलेला आहे की विझला, ते दिसत नव्हतं. तेवढ्याचीच मला भीती वाटत होती. भिंतीपलीकडून बा हाक मारायची, "रंजू, तू छे ने?" आहेस ना? मी म्हणायचे, आहे बा. मग मी हाक मारायची, ती म्हणायची, आहे. असं आम्ही दुपारपर्यंत केलं. नंतर मी हाका मारत राहिले आणि ती बोलली नाही. संध्याकाळी यांच्या पलटणीतल्या पोरांनी मला काढलं. हाताला, पाठीला खरचटलं होतं, दादा. मी खोटं बोलले नव्हते.

मग तंबू, मग पत्र्याच्या खोल्या. मग सरकारने मोठे रस्ते आखले. आमची गल्लीच राहिली नाही. जिथे आमचं स्वयंपाकघर होतं तिथून आता बस जाते. मी कधी त्या बसमध्ये असले तर इतर बायांशी मोठमोठ्याने बोलत राहते. नवीन वसाहतीत घर बांधलं, इंजिनिअरने दहादा तपासलं, सळ्या मोजून दाखवल्या. मला पटतं सगळं. पण ओट्यापुढे काडी ओढली की मला करपलेल्या दुधाचा वास येतो. लोकांना वाटतं शहर उभं राहिलं. उभं राहिलंच आहे. दुकानं बघ, उड्डाणपूल बघ, बघतच राहशील. हमीरसर तळं भरलं की सगळ्या गावाला सुट्टी मिळते आणि लोक लाडू खातात. माझंच एक स्वयंपाकघर तेवढं तिथेच राहिलं.

परवा बाच्या झाडापाशी बसले. नाव वाचलं. मनात म्हटलं, बा, मी आहे.

तू कढई अंगणात मांडू नकोस. आत्याने, तिच्या आधीच्या लेकींनी आत मांडली, मग मी एकटीने बाहेर ओढली असं नको. पाडव्याला येते. काय होईल ते सांगता येत नाही. उंबऱ्यापर्यंत तर येईन.

तुझी,
रंजू


कारधा
२६ मार्च २०२६

चि. रंजूस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलात हे कळलं. गाडीत जावईबापूंनी वहिनीच्या सगळ्या करंज्या संपवल्या हेही कळलं.

पाडव्याच्या दिवशी जे घडलं ते तू भुजमध्ये आपल्या पद्धतीने सांगशील, मला त्यात वेडा ठरवशील. म्हणून त्याचं अधिकृत इतिवृत्त सचिव या नात्याने लिहून पाठवतो आहे. जपून ठेव.

गुढी उभारून झाल्यावर श्रीमती रंजूबाई नव्या घराच्या उंबऱ्याशी आल्या. हाती कढई. चेहरा पांढरा. श्रीमती बायाबाईंनी मरळ साफ करून आत ठेवली होती. रंजूबाई आत गेल्या, कढई ओट्यावर ठेवली, वर पाहिलं आणि बाहेर आल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा गेल्या. काडी ओढली, विझवली, पुन्हा बाहेर आल्या. म्हणाल्या, "दादा, होत नाही मले." सर्व उपस्थितांना रडू आलं, त्यात सचिवही होते, हे नमूद करण्यात येते.

यावर सचिव नदीवर गेले आणि डोंग्याचा बांबू घेऊन आले. दारातून तो आत येईना, म्हणून खिडकीतून घातला. खालचं टोक फरशीवर, वरचं टोक स्लॅबला टेकवलं आणि दोन्ही हातांनी दाबून उभे राहिले. म्हणाले, "मी धरून राहिलो. तू मसाला भाज."

रंजूबाई म्हणाल्या, "येडा झाला का तू?" मग हसल्या. मग रडल्या. मग पदर खोचला.

मसाला भाजेपर्यंत सचिवांचे हात दुखू लागले. रस्सा उकळेपर्यंत खांदे गेले. भूपेश म्हणाला, "बाबा, मी धरतो." सचिव म्हणाले, "हे भावाचं काम आहे." बायाबाई म्हणाल्या, "मासोळी शिजेपर्यंत याईले हात खाली करू देऊ नका. जन्मात पहिल्यांदा सैपाकघरात कामी पडून राहिले." मासोळी शिजली. सगळे आत बसून जेवले. रश्श्यात मीठ जास्त होतं. ते कोणीही बोललं नाही, पण इतिवृत्तात खोटं लिहिता येत नाही.

छताच्या नव्या रंगावर बांबूचा गोल डाग पडला आहे. मी पुसायला गेलो तर तुझी वहिनी अंगावर आली. माझे खांदे अजून दुखतात. डॉक्टरला काय झालं म्हणून सांगू, ते सुचत नाही.

तुझा दादा,
इतवारी (सचिव)


भुज
९ एप्रिल २०२६

ती. दादास नमस्कार.

इतिवृत्त मिळालं. मीठ जास्त नव्हतं, तुझ्या डोळ्यांतलं ताटात पडलं असेल.

काल दुपारी मी आमच्या स्वयंपाकघरातले गहू बाहेर काढले. ओटा धुतला. गॅस आत आणून जोडला. त्यात संध्याकाळ झाली. मग म्हटलं, साधं वरण तर करून बघू. काडी ओढली. पहिली विझली, दुसरी ओढली. पेटला पण.

तेवढ्यात हे बँकेतून आले. अंगणातली चूल थंड बघून घाबरले आणि बुटांसकट धावत आत आले. मी कुकरपुढे उभी, डोळे वर. यांनी माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं. कोपऱ्यातला जळमटं काढायचा लांब झाडू उचलला आणि छताला टेकवून, अंगात वर्दी, छाती पुढे, परेडला उभं राहावं तसे उभे राहिले.

मी म्हटलं, अहो, हात दुखतील.

म्हणाले, "तू पंचवीस वर्षं उन्हात रांधलं. मले घडीभर उभं राहू दे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि इकडे वरण खाली लागलं. चांगलंच लागलं. आम्ही दोघांनी ते तिथेच, आत बसून खाल्लं.

तुझी,
रंजू